पेडगावकडे तोंड केलेला तंबू

"पाया पडू नका. निस्तं बघा."

चितारीमामा हे दिवसभर म्हणत. तंबूच्या दाराशी उभे राहून, दोन्ही हात पुढे धरून, जणू अंगावर येणारं गुरू थोपवायचं आहे. तोवर समोरची म्हातारी वहाणा काढून, पदर डोक्यावर ओढून आत शिरलेली असे आणि कापडावर रंगवलेल्या लोहारापुढे कपाळ टेकत असे.

"आजी, त्यो देव न्हाई. ताडकळसचा लोहार हाय."

म्हातारी उठे, मामांकडे कीव आल्यासारखी बघे. "असू दे की बाबा. देव काय सांगून येतो व्हय?"

तुम्हीही जत्रा पाहिल्या असतील. तंबू दिसला की आत काय असणार हे आपण धरूनच चालतो. तमाशा, नाहीतर दोन तोंडांचं वासरू, नाहीतर देव. मामांच्या तंबूत नाच नव्हता आणि वासरूही नव्हतं. मग उरलं काय? शिवाय आमच्या मुलखात भिंतीवर चित्र लागतं ते देवाचं, हार घातलेल्या मेलेल्या माणसाचं, किंवा सरकारचं, म्हणजे गादीवरच्या राजाचं. तिघांपुढेही मान खाली घालायची असते. मान वर करून चित्रातल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा असतो, हे मामांना लोकांना सांगायचं होतं. त्यासाठी त्यांच्याजवळ एवढेच शब्द होते, आणि ते कुणी ऐकत नव्हतं.

आमच्या भागातली ही जत्रा मार्गशीर्षात भरते. कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते, ज्वारीची कणसं हुरड्याला येत असतात, आणि माणसांना एकमेकांची तोंडं बघायला थोडी सवड असते. मामा ताडपत्री, बांबू आणि गुंडाळलेली चित्रं भाड्याच्या गाडीत घालून येत. विकायला काही आणत नसत. आत येणाऱ्याकडून काही घेत नसत. "मंग कामून लावता तंबू?" असं शेजारचा रेवडीवाला दर साली विचारी. मामा दर साली म्हणत, "लोकायनी बघावं म्हनून." रेवडीवाल्याला हे पटत नसे. मलाही बरेच दिवस पटलं नव्हतं.

परभणीत आमच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे ओट्याला टेकवून ठेवलेल्या पाट्या. किराणा, कापड, अत्तर, वकील, हकीम, सगळ्यांची नावं मामा रंगवत. उर्दू त्यांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी चिठ्ठीवर लिहून दिलेलं ते वेलबुट्टीसारखं बघून उतरवत, आणि ते असं उतरे की जाणारा मौलवी थांबून वाहवा करी. एकदा मी विचारलं, "मामा, ह्या पाटीवर लिहिलंय काय?"

"मला काय ठाव? पर त्या शेवटच्या अक्षराची शेपटी बघ कशी बसलीय. मांजर बसल्यावानी."

मला तेव्हा शाळेतून काढून टाकलं होतं. त्या वर्षांत आमच्या संस्थानी राज्यात शाळेतून काढायला एक घोषणा पुरत असे. वऱ्हाडच्या हद्दीपलीकडून पत्रकं येत. ती वाचायची, पाठ करायची, पुढच्या गावाला द्यायची. माझं पुढचं शिक्षण असं झालं. दोन माणसं कुठे बोलताना दिसली की मी तिसरा होऊन उभा राही आणि गुलामगिरी म्हणजे काय ते सांगू लागे. मामा मला 'पुढारी' म्हणत.

"काय पुढारी, आज कुणाचं राज्य घालवलं?"

"मामा, चेष्टा करू नका. तुमच्या हातात एवढी कला आहे. साखळ्या तोडणारा शेतकरी काढा एखादा. मी गावोगाव फिरवतो."

"साखळीनं बांधलेला शेतकरी कुठं बघितलास?"

"तसा खरा नसतो हो. मनानं काढायचा."

"मनानं मला कुत्रंबी काढता येत न्हाई. आण त्याला. समोर बसव. साखळीबी आण. काढतो."

ही थट्टा नव्हती. समोर बसलेलं जिवंत माणूस असेल तरच ते कुंचला उचलत. लोहार असाच भट्टी विझवून त्यांच्यापुढे बसला होता. एक टांगेवाला बसला होता. उन्हात एक डोळा मिटायची त्याची खोड तशीच्या तशी कापडावर उतरली होती. वेसण ओढताच मान फिरवणारा बैलसुद्धा धरून आणला होता. तो टांगेवाला एकदा जत्रेत स्वतःचं चित्र बघायला आला. सगळ्यांबरोबर त्यानंही आधी चित्राला सलाम केला, मग एकदम ओळखून म्हणाला, "अरे, हा तर मीच!" आणि लाजून पळाला. मामा त्या दिवशी फार खूश होते. "सलाम केल्यावर का व्हईना, बघितलं तर खरं," म्हणाले.

चित्रं फार थोर होती असं मी म्हणणार नाही. मला चित्रातलं कळत नाही. पण त्या माणसांपुढे उभं राहिलं की आपण काहीतरी खोटं बोलून आलो आहोत आणि ते त्यांना समजलं आहे, असं वाटे.

मी त्या तंबूचा फायदा घेत असे. माझा पत्रकांचा गठ्ठा कोपऱ्यातल्या सतरंजीखाली ठेवायला मामांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणत, "तुझा कागद लोकं वाचतेत आन् फाडतेत. माझ्या चित्राच्या पाया पडतेत. आपल्या दोघायचंबी तेच." आणि हसत. हसताना त्यांचा खालचा ओठ थरथरे. जवळून बघणाऱ्यालाच ते दिसे, आणि त्यांना जवळून बघणारं कुणी नव्हतं. दुकानामागच्या खोलीत एक चूल, एक ताट, एक तांब्या. सणावारी गल्लीतलं कुणी बोलावलं तर जाऊन जेवत, पण जेवताना बोलत नसत.

एका साली जत्रेच्या बंदोबस्ताचे एक अंमलदार तंबूत शिरले. मी सतरंजीवरच बसलो होतो. उठायचीही सोय नव्हती.

"ये कौन है?"

"लोहार, हुजूर."

"और ये?"

"टांगेवाला."

"लोहार, टांगेवाला, बैल! सरकार की तस्वीर किधर है?"

रेवडीवाला कनातीआडून ऐकत होता, तो सटकला. मामांनी हात जोडले. "हुजूर, माणूस समोर बसल्याबिगर मी तस्वीर काढत न्हाई. सरकारनं घटकाभर येऊन बसावं. पाट हाय माझ्याजवळ, सिसमाचा हाय."

अंमलदार मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. उर्मटपणा कुठे सापडतो का ते शोधत असावेत. मामांच्या तोंडावर नुसतं आमंत्रण होतं. शेवटी "पागल" म्हणून ते वळले, आणि जाता जाता मधल्या खांबाच्या चित्रापुढे, सवयीनं असेल, त्यांचीही मान किंचित लवली.

त्या मधल्या चित्राबद्दलच मला सांगायचं आहे.

उंबऱ्यावर बसून सुपात ज्वारी निवडणारी एक बाई. कुणीतरी हाक मारली म्हणून मान वर केलेली, हाताची बोटं दाण्यांतच राहिलेली. डोक्यावरचा पदर थोडा घसरलेला. एका डोळ्याखाली चुलीतली ठिणगी उडून पडलेला बारीक डाग. बायकांची सगळी झुंबड तिच्यापुढे होई. सूप म्हणजे लक्ष्मी, उंबरा म्हणजे लक्ष्मी, आणि अशी शांत नजर तर देवीचीच. ताट घेऊन आलेल्या बाया तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावत. मामा ओरडत राहत. दिवस मावळताना ते जवसाच्या तेलात भिजवलेलं फडकं घेऊन तिच्यासमोर बसत आणि हळूहळू कपाळ पुसत. कुंकू निघे. हळद मात्र रंगात मुरलेली होती, जात नसे.

"मामा, ही कोण?"

"आमची."

"समोर बसली होती?"

"रोजच बसत व्हती," फडकं पिळत मामा म्हणाले. "म्याच बघितलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. मामा देवळं रंगवत, पाट्या लिहीत, माणसं काढत या गावाहून त्या गावाला हिंडत. घरी आले की चित्रांबद्दल बोलत. एका संध्याकाळी ती ज्वारी निवडत होती आणि मामा कुठल्याशा सावकाराच्या भुवयांचं वर्णन करत होते. तिनं सूप खाली ठेवलं, पदर तोंडावरून ओढून घेतला, आणि पदराआडून म्हणाली, "अवघ्या मुलखाची तोंडं बघत हिंडता. माझ्या तोंडावर कुठं काय हाय, सांगा बरं."

"म्या म्हनलं, काय पोरखेळ लावलास. ती पदर काढंना. म्हनली, सांगा. मला सांगता येईना, पुढारी. नाक हाय, डोळे हायत, म्हनलं. ती तशीच उठली."

दुसऱ्या दिवशी भावानं गाडी आणली आणि ती पेडगावला माहेरी गेली, ती गेलीच.

त्यानंतर मामांनी हे चित्र काढायला घेतलं. आयुष्यात आठवणीनं काढलेलं हे एकच. दर साली पुसून, खरवडून, थोडं बदलून ते ही बाई जत्रेत आणत. पेडगावचे लोक ह्या जत्रेला येतात. कधीतरी तीही येईल, उभी राहील, बघेल, आणि तिच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळालं की नाही ते सांगेल. म्हणून तो तंबू. सगळ्या दुकानांची तोंडं देवळाकडे असत. मामांच्या तंबूची पाठ देवळाकडे आणि तोंड पेडगावच्या गाडीवाटेकडे. "येडा हाय," लोक म्हणत. "देवाकडं पाठ करून देव मांडतो."

पेडगावात तिचं काय चाललं होतं ते मला तिथल्या आमच्या एका कार्यकर्त्याकडून समजलं. गाव तिला 'टाकलेली' म्हणे. खरं तर नवऱ्याला सोडून ती आली होती. पण बाई आपल्या पायांनी निघून येऊ शकते हे गावाला मान्यच नाही; तिला कुणीतरी टाकलीच असली पाहिजे. आणि टाकलेलीला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. संक्रांतीला, चैत्रात, बाया गल्लीतलं प्रत्येक दार वाजवत जातात आणि तिच्या दाराशी आल्या की बोलणं थांबवून पुढे सरकतात. आत ती असते. तिला पावलं ऐकू येतात. नवरा जिवंत असलेल्या, कुणाचं काही न बिघडवलेल्या बाईला ही शिक्षा देण्याचा अधिकार कुणाचा? कुठल्या सरकारनं हा कायदा केला? ह्या चालीवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. त्या कार्यकर्त्यानं ते गावभर वाटलं. पुढच्या संक्रांतीला त्याच्याच घरच्या बाया तिचं दार टाळून गेल्या.

मी मामांना म्हणालो, "तुम्हीच जा ना पेडगावला. घेऊन या."

"आणून काय करू? पुन्यांदा तेच इचारलं तर?"

"आता सांगता येईल की. चित्रच आहे समोर."

"ते तिनं बघून सांगावं लागतं. म्या सांगून काय व्हतंय?"

देश स्वतंत्र होण्याच्या आदल्या सालची जत्रा. दुपारची वेळ, ऊन उतरलेलं. मी कोपऱ्यात गठ्ठा सारखा करत होतो. पेडगावच्या बायांचा एक घोळका आला. मामा दाराशी हात पुढे धरून उभे राहिले, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. घोळक्याच्या मागे एक बाई होती, हातात ताट नसलेली.

बाकीच्या आत शिरल्या, चित्राला हळद-कुंकू लावून, नमस्कार करून, हसत-बोलत रेवडीच्या दुकानाकडे गेल्या. तोवर ती दाराबाहेरच थांबली होती. तिनं वहाणा काढल्या नाहीत. सरळ मधल्या खांबापाशी जाऊन उभी राहिली.

"बराय का?" मामांनी विचारलं. तंबूत मी आहे हे ते विसरले होते.

ती चित्राकडे बघत होती. तशी उभी राहून बघणारं माणूस त्या तंबूत मी पहिल्यांदा पाहत होतो. चित्रातली तरणी होती. हिच्या कानशिलावर केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते.

"कुंकू कुणी लावलं हे?" तिनं विचारलं.

"बाया लावतेत. म्या सांगून दमलो."

"कुठल्या बाया?"

"पालमच्या, ताडकळसच्या, कुठल्याबी. आता तुमच्या गावच्याच लावून गेल्या की."

ती एकदम हसली. तोंडाला पदर लावून हसली, आणि मग ते हसू कुठेतरी अडकलं. "त्यायला कळलं न्हाई व्हय, कुणाला लावायल्यात ते?"

ती पुन्हा चित्राकडे वळली. बोट उचलून तिनं चित्रातल्या डागाकडे केलं, पण लावलं नाही.

"ह्यो ह्या डोळ्याखाली न्हाई."

"आं?"

"डाव्या डोळ्याखाली हाय. हे बघा." आणि तिनं मामांकडे तोंड फिरवलं.

मामा जवळ आले. मान वाकडी करून, पाट्यांची अक्षरं बघत तसं, ते तिच्या तोंडाकडे बघू लागले. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाहेर पिपाण्या वाजत होत्या, कुणीतरी हरवलेल्या पोराच्या नावानं हाका मारत होतं. तिनं मान खाली घातली नाही.

"डाव्याच," मामा म्हणाले. "बस घटकाभर. पाट देतो. आता हायस तशी काढतो. हे राहू दे, हे चुकलंय सगळं."

"भाऊ गाडी जुंपायलाय."

"मंग पुढच्या जत्रेला? घटकाभर बसलीस तरी लय झालं."

"बघू," ती म्हणाली.

दाराशी जाऊन ती थांबली. पाठमोरीच बोलली. "सांजच्याला तुमी ते पुसता म्हनं. पुसू नका. राहू द्या लावलेलं."

गाडीवाटेनं ती दिसेनाशी होईपर्यंत मामा बघत राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी फडकं तेलात भिजवलं, हातात धरलं, आणि पुन्हा पिळून दोरीवर टाकलं. उरलेले दिवस बाया येत होत्या, लावत होत्या. मामा दाराशी उभे होते, पण बायांना अडवत नव्हते. पुरुष वाकले तरच ओरडत. शेवटच्या दिवशी चित्रातल्या बाईच्या भुवयांपर्यंत कुंकू ओघळलं होतं.

पुढचं वर्षभर मामा वेगळेच होते. नव्या मांजरपाटाला सरस आणि खडू लावून त्यांनी कापड तयार केलं, चौकटीवर ताणलं, आणि रोज सकाळी त्यावरची धूळ झटकू लागले. पाटी रंगवता रंगवता मला हाक मारत.

"पुढारी, डाव्याच म्हनली ना?"

"हो मामा. तुम्ही बघितलंत की."

"बघितलं रे. पर तूबी व्हतास म्हनून इचारलं."

ते 'बघू' म्हणजे हो की नाही, यावर ते माझ्याशी वाद घालत. माझं म्हणणं, 'बघू' म्हणजे नाही. सरकारी कचेरीत मी ते खूप ऐकलं आहे. मामा म्हणत, "कचेरीतलं 'बघू' येगळं. तिथं कुणी बघत न्हाई. ती म्हनली तर बघती."

मग ते साल आलं. हद्दीपलीकडे झेंडा उभा राहिला, आणि अलीकडे त्याच झेंड्यासाठी माणसं तुरुंगात जाऊ लागली. गावं सरकारच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं पिकं टाकून वऱ्हाडकडे सरकू लागली. रात्री गावात दिवा लावायची सोय राहिली नाही. अशा साली जत्रा कोण भरवणार? मार्गशीर्ष आला. देवळाच्या पुजाऱ्यानं दार लोटून घेतलं आणि तोही निघून गेला.

त्या दिवसांत मी पत्रकं घेऊन आडवाटेनं हद्दीकडे निघालो होतो. उभ्या ज्वारीतून जत्रेच्या माळावर बाहेर पडलो आणि थबकलो. त्या उघड्या माळावर मामांचा तंबू उभा होता. रेवडीवाला नाही, पाळणा नाही, एक माणूस नाही. तंबूचं तोंड पेडगावच्या वाटेकडे.

आत मामा धुतलेला पटका बांधून बसले होते. रंग घोटून तयार होते. सिसमाच्या पाटावर घोंगडी अंथरलेली होती आणि त्यासमोर कोरं कापड. बाकीची चित्रं त्यांनी आणलीच नव्हती. फक्त ती जुनी बाई खांबाला होती. कुंकू वाळून तिच्या तोंडावर खपल्यांसारखं धरलं होतं, आणि चुकीच्या बाजूचा तो डाग तसाच होता.

"मामा, जत्रा कुठंय?"

"मला काय करायची जत्रा?"

"इथं थांबू नका. चला माझ्याबरोबर. पेडगावची अर्धी माणसं हद्दीपलीकडे गेलीत."

"अर्धी ऱ्हायली न्हवं?"

मी पुष्कळ बोललो. दिवस कसे आहेत, माणसाला कसं विनाकारण उचलतात, एकट्या तंबूची काय किंमत आहे. ते ऐकत होते, मधूनच वाटेकडे बघत होते. मग म्हणाले, "पुढारी, बस घटकाभर. हात गार पडायलेत. तिच्यासमोर बोटं अखडायला नगं."

मी पाटावर बसलो. मामांनी कोळसा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मी सभेत बोललो आहे, कोठडीत फौजदारापुढे उभा राहिलो आहे. पुष्कळ लोकांनी मला पाहिलं आहे. पण असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या नजरेखाली माझी सगळी पाठ केलेली वाक्यं गळून गेली आणि मी नुसता एक भुकेला, घाबरलेला, वाट चुकत चाललेला माणूस उरलो. त्यांनी एका फळकुटावर दोन-चार रेघा ओढल्या आणि कोळसा खाली ठेवला.

"तू हलतूस. ध्यान सगळं हद्दीवर हाय. जा तू."

"आणि तुम्ही?"

"वाट हीच हाय पेडगावहून यायची. दुसरी कुठंय?"

ज्वारीत शिरताना मी मागे पाहिलं. मामा तंबूबाहेर येऊन खुंट्या ठोकत होते. वारा सुटला होता.

ती आमची शेवटची भेट. पुढे मी पकडला गेलो, सुटलो, राज्य गेलं, लोक परत आले. मामा परत आले नाहीत. कुणी म्हणालं, त्यांना पूर्णेच्या आगगाडीत बसताना पाहिलं. कुणी म्हणालं, वऱ्हाडात एका निर्वासितांच्या छावणीत एक चितारी तापानं गेला, तो तेच असावेत. कुणी म्हणालं, माळावर जळकी ताडपत्री सापडली होती. प्रत्येकाला मी खोदून विचारलं. कुणालाच नीट सांगता आलं नाही, कारण कुणी नीट बघितलं नव्हतं. गल्लीत त्यांच्या ओट्यावर आता सायकलवाला बसतो. मामांनी रंगवलेल्या पाट्या अजून दुकानांवर आहेत.

राज्य गेलं त्याच साली मार्गशीर्षात जत्रा पुन्हा भरली. अशी जत्रा आमच्या आठवणीत भरली नव्हती. झेंडे, पताका, दोन साल दडपून ठेवलेलं हसणं. देवळापुढे सभा झाली, मीही बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सभा संपल्यावर पाय मामांच्या जागेकडे वळले. तिथं एका कासारानं बांगड्यांचं दुकान मांडलं होतं.

बाया ताटं घेऊन येत होत्या आणि भांबावून उभ्या राहत होत्या.

"इथली बाई कुठं गेली?"

"कोण बाई?" कासार विचारी.

"कुंकवाची. सुपातली."

"मला ठाव न्हाई, माय. बांगड्या भरायच्या तर बसा."

दोघी-तिघींनी कासाराच्या पालाच्या खांबालाच कुंकू लावलं आणि हात जोडून पुढे गेल्या. दिवसभर मी तिथं होतो. बाईची चौकशी पुष्कळांनी केली. चितारी कुठे गेला, असं एकीनंही विचारलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ती आली. एकटी होती. केस विंचरून चापून बांधलेले, अंगावर घडी मोडलेलं लुगडं. पालाकडे, कासाराकडे, मग माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी त्यायच्या तंबूत व्हता ना?"

"हो."

"कुठं हायत ते?"

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. गाडी, छावणी, ताडपत्री. सांगून झाल्यावर समजलं की मी काहीच सांगितलं नव्हतं. ती जमिनीकडे बघत होती.

"गेल्या साली येनं झालं न्हाई," ती म्हणाली. "भावानं रातोरात हद्दीपल्याड नेलं. म्या म्हनलं व्हतं त्याला, मला जत्रेला जायचंय म्हनून. त्यो म्हनला, येडी का काय तू, कसली जत्रा."

"जत्रा भरलीच नव्हती," मी म्हणालो. "पण ते आले होते."

तिनं मान वर केली. डाव्या डोळ्याखालचा डाग उन्हात दिसला.

"घटकाभर बसायला सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली.

आणि तिथंच, बांगड्यांच्या दुकानाशेजारी उघड्या जमिनीवर, ती पदर सारखा करून बसली. हात मांडीवर ठेवले, तोंड समोर धरलं, आणि हलली नाही. बांगड्या भरायला येणाऱ्या बाया तिला वळसा घालून जात होत्या.